अवकाश कुणाचा?

‘अवकाश’ या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. जागा, पोकळी, मोकळीक हा एक; आणि वेळ, सवड, फुरसत हा दुसरा. चित्रकार ‘चित्रातील अवकाश’ म्हणतो तेव्हा तो पहिल्या अर्थाने बोलत असतो. ‘निवडणुकीला अद्याप अवकाश आहे’ असे कार्यकर्ता म्हणतो तेव्हा दुसऱ्या. कलासमीक्षेत हे दोन अर्थ सहसा एकमेकांना भेटत नाहीत. विरारहून चर्चगेटला रोज नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात मात्र ते दररोज भेटतात. मुंबईत राहण्यापुरती जागा त्याला परवडली नाही, म्हणून तो साठ किलोमीटर दूर गेला. आणि दूर गेला म्हणून जाण्यायेण्याचे जवळजवळ तीन तास त्याच्या दिवसातून वजा झाले. जागेची टंचाई त्याने वेळ मोजून भागवली. एक अवकाश मिळवण्यासाठी दुसरा विकावा लागणे, ही आजच्या कष्टकऱ्याची स्थिती आहे.

आजचे कलावंत अवकाशाचा जो शोध घेत आहेत, त्याचा विचार या पार्श्वभूमीवर झाला पाहिजे. चळवळीत या विषयाकडे पाहण्याच्या दोन सवयी रूढ आहेत. एक सवय म्हणते, कलादालनातील ही उठाठेव पोट भरलेल्यांची आहे. पाणी, घर आणि रेशन यांच्या लढ्यात तिचे काय काम? दुसरी सवय कलेला जवळ करते, पण मोर्चाच्या फलकापुरतीच. पहिलीत कलेविषयी तुच्छता आहे, दुसरीत तिच्याविषयी अविश्वास. दोन्ही सवयींनी एका गोष्टीकडे दुर्लक्ष केले. जमीन, घर, रस्ता आणि मोकळी जागा यांचे वाटप हा जर राजकारणाचा गाभा असेल, तर जागा कशी दिसते, कुठून दिसते आणि कुणाला दिसते, हा प्रश्नही राजकीयच ठरतो.

फ्रेंच मार्क्सवादी विचारवंत आंरी लफेव्र यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच मुद्द्याची मांडणी केली. अवकाश म्हणजे निसर्गाने दिलेले रिकामे भांडे नव्हे. प्रत्येक समाजव्यवस्था आपल्या गरजेप्रमाणे आपला अवकाश उत्पादित करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे प्रतिपादन समजून घ्यायला पॅरिसला जाण्याची गरज नाही. लोअर परळ आणि नालासोपारा यांना जोडून पाहिले की पुरे.

परळ रिकामे झाले, नालासोपारा भरले

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराच्या मध्यावरील सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते: एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात अशी दुरुस्ती झाली की पहिले दोन वाटे केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरते उरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती उचलून धरली. शब्दांच्या या एका फेरफाराने शहराचा केवढा अवकाश हातचा गेला, हे परळच्या काचेच्या मनोऱ्यांकडे पाहून कळते. आणि ज्यांच्या घामावर त्या गिरण्या चालल्या त्यांची मुले कुठे गेली, हे नालासोपारा आणि विरारच्या फलाटांवर सकाळी सहा वाजता कळते.

या स्थित्यंतराची सर्वांत प्रामाणिक नोंद ज्या चित्रकाराने केली, त्याचे नाव सुधीर पटवर्धन. १९४९ मध्ये पुण्यात जन्मलेले पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. १९७५ पासून त्यांनी ठाण्यात डॉक्टरकी केली आणि तीन दशके ती सांभाळत चित्रे काढली. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१), ‘पोखरण’ (१९९१), ‘लोअर परळ’ (२००१) ही त्यांच्या चित्रांची नावेच पाहावीत. देवदेवता नाहीत, राजवाडे नाहीत. आहेत ती सामान्य माणसाच्या येण्याजाण्याची ठिकाणे. पण पटवर्धनांचे महत्त्व केवळ विषयांच्या निवडीत नाही. त्यांच्या शहरचित्रांत एकच एक दृष्टिबिंदू बहुधा नसतो. रस्ता एका कोनातून दिसतो, डोंगर दुसऱ्या, इमारत तिसऱ्या. चालणाऱ्या माणसाला शहर दिसते तसे ते दिसते: तुकड्यातुकड्याने, वळणावळणाने. एका जागी उभे राहून सारे शहर कवेत घेण्याची सोय फक्त उंच मजल्यावर राहणाऱ्याला असते. पायी चालणाऱ्याची नजर चित्राच्या रचनेत आणणे ही केवळ तंत्राची बाब नव्हे. ती बाजू घेण्याची कृती आहे.

याच मुद्द्याची उलट बाजू ‘कॅम्प’ या मुंबईतील कलावंतगटाच्या २०२२ मधील ‘बॉम्बे टिल्ट्स डाऊन’ या चित्रफीत-मांडणीत दिसते. मध्य मुंबईतील पस्तीस मजली इमारतीवरील एका टेहळणी कॅमेऱ्याने टिपलेली ही दृश्ये आहेत. कॅमेरा मनोऱ्यांच्या माथ्यापासून हळूहळू खाली उतरतो आणि निळ्या ताडपत्र्यांच्या वस्तीत पोचतो. जे यंत्र वस्तीवर पाळत ठेवण्यासाठी बसवले जाते, तेच येथे वर्गभेदाचा उभा छेद दाखवू लागते. मालकाचे हत्यार हाती घेऊन त्याच्याच विरुद्ध वापरण्याचा हा प्रकार चळवळीच्या माणसाला परका वाटू नये.

डब्यातील चौथी सीट

विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ मध्ये आली, आणि बोरिवली-विरार या टप्प्यात चार रूळ व्हायला २००७ साल उजाडले. या काळात माणसे किती वाढली याचा हिशेब २०११ च्या जनगणनेत सापडतो: वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक लोकवस्ती नोंदली गेली. पालघर हा वेगळा जिल्हा २०१४ मध्ये झाला. पण पोटापाण्याची दिशा अजून मुंबईचीच आहे.

या गाडीने अवकाशाचे स्वतःचे कायदे घडवले आहेत. तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धे अंग टेकवायचे, ही ‘चौथी सीट’ कोणत्याही रेल्वे नियमावलीत लिहिलेली नाही. तरी ती कुणी नाकारत नाही. दाराशी कोण उभे राहणार, बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार गाडीत चढावे की नाही, यावर हमरीतुमरी होते. त्याच डब्यात भजनी मंडळ टाळ वाजवते, आणि बायकांच्या डब्यात संध्याकाळची भाजी निवडली जाते. टंचाईने माणसे एकमेकांवर उठतात आणि टंचाईतच ती एकमेकांना सामावून घेतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वर्गैक्याच्या गप्पा मारणाऱ्याने पहिली विसरू नये, आणि गर्दीला केवळ झुंड समजणाऱ्याने दुसरी.

तुषार जोग (१९६६–२०१८) या मुंबईच्या कलावंताने नेमका हा अवकाश हाती घेतला. ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ असे सरकारी खात्याला शोभणारे नाव घेऊन त्यांनी नागरिकांच्या अडचणींवर ‘उपाय’ काढण्यास प्रारंभ केला. लोकलबाहेर लोंबकळणाऱ्या प्रवाशाला गाडीला नीट चिकटून राहता यावे, यासाठी त्यांनी खास साधने आरेखित केली. आराखडे काटेकोर, भाषा खात्याची, चेहरा गंभीर. पाहणारा आधी हसतो आणि मग त्याला उमगते की शासनाचे पुष्कळसे ‘उपाय’ याच जातीचे असतात: लोंबकळणे थांबवायचे नाही, ते सुसह्य करायचे. हेच जोग २०१० मध्ये मोटारसायकलवरून मुंबईहून शांघायला निघाले. मुंबईचे शांघाय करण्याची घोषणा देणाऱ्यांना ते वाटेतील विस्थापितांची गावे दाखवू पाहत होते. सरदार सरोवर आणि चीनमधील थ्री गॉर्जेस ही धरणे त्या वाटेवर होती. उपहास हे दुबळ्याचे हत्यार आहे असे म्हणतात. जोगांच्या हातात ते अभ्यासाचे हत्यार झाले.

वारल्यांचा चौक

अवकाशाची समकालीन जाण फक्त महानगरातील कलाशाळांत आहे, असे समजणे मोठी चूक ठरेल. वसई-विरार ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात गंजाड येथे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी आयुष्य वेचले. वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी विराजमान होते. बायकांच्या हातातील ही विधीची कला मशे यांनी कागदावर आणली, विधीच्या बाहेरचे जगही तिच्यात आणले: शेत, जाळे, मुंग्या, पाऊस, आगगाडी. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. इंग्लंडचे रिचर्ड लाँग, ज्यांनी चालणे हीच आपली कला मानली, त्यांच्या कामाबरोबर मशे यांची चित्रे २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात मांडली गेली.

वारली चित्रात दूरचा माणूस लहान होत नाही. क्षितिजाची एक रेघ नसते, पाहणाऱ्यासाठी राखून ठेवलेली जागा नसते. तारपा वाजवणाऱ्याभोवती माणसे वेटोळे घालून नाचतात आणि ते वेटोळे कुणाच्याही बाजूने पाहिले तरी पुरे असते. युरोपातील प्रबोधनकाळाने जो यथादर्शनाचा नियम घालून दिला, त्यात सारे जग एका डोळ्याच्या सोयीने मांडलेले असते. तैलचित्राची ही परंपरा मालमत्तेच्या संबंधांशी कशी निगडित आहे, हे जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये उलगडून दाखवले. वारली चित्राला हा एक डोळाच मान्य नाही. त्याच्या अवकाशाला मालक नाही.

परंतु येथेच भाबडेपणा टाळला पाहिजे. ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेऊन वारली तरुण ‘लग्नगडी’ होत असे, म्हणजे लग्नाच्या ऋणापायी धन्याचा वेठबिगार. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते या गुलामीविरुद्ध. भिंतीवर मालक नसलेले जग आणि शेतावर मालकाचा चाबूक, असे ते जगणे होते. आज वारली आकृती सरकारी इमारतींवर, उड्डाणपुलांच्या खांबांवर, पडद्यांवर आणि पिशव्यांवर सर्वत्र दिसते. आणि त्याच वेळी महामार्ग, बुलेट ट्रेन, वाढवण बंदर अशा प्रकल्पांच्या छायेत जिल्ह्यातील आदिवासी आणि मच्छीमार आपल्या जमिनीची आणि समुद्राची चिंता करीत आहेत. चित्राला भिंत मिळाली, चित्रकाराच्या समाजाला जमीन नाही. या विसंगतीवर बोट न ठेवता ‘लोककलेचा गौरव’ करणे हा निव्वळ दिखाऊपणा आहे.

पाडलेले घर

१९९३ मध्ये पूर्व लंडनच्या एका कामगारवस्तीत रेचल व्हाइटरीड या शिल्पकर्तीने पाडावयाच्या घराच्या आत काँक्रीट ओतले आणि मग बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरली ती घराच्या आतील पोकळीची घनमूर्ती: खोल्या, जिना, खिडक्यांचे ठसे. जिथे माणसे राहिली, भांडली, झोपली ती हवाच जणू दगड झाली. तिला त्या वर्षीचा टर्नर पुरस्कार जाहीर झाला त्याच दिवशी स्थानिक परिषदेने शिल्प पाडण्याचा निर्णय घेतला; जानेवारी १९९४ मध्ये ते पाडलेही गेले.

मुंबईच्या हेमा उपाध्याय (१९७२–२०१५) यांनी २००९ मध्ये ‘८ फूट × १२ फूट’ या नावाची खोली उभी केली. धारावीतील एका घराचे हे सर्वसाधारण माप. प्रेक्षकाने आत शिरायचे; भिंतींवर आणि छतावर पत्र्याच्या, भंगाराच्या तुकड्यांची इवली वस्ती दाटलेली. ज्या आकाराचे दालन श्रीमंताच्या घरी न्हाणीघर म्हणून वापरले जाते, त्यात एक कुटुंब जगते, हे आकड्याने सांगता येते. पण खांद्याला भिंत लागल्याशिवाय पटत नाही.

या कलाकृतींवर एक रास्त आक्षेप आहे. झोपडीची प्रतिकृती वातानुकूलित दालनात मांडली जाते, तिची किंमत ठरते, ती विकली जाते. झोपडी मात्र होती तिथेच राहते. दुःखाचा बाजार तो हाच, असे कुणी म्हटले तर त्याला सहजी उत्तर नाही. कलाबाजार हा भांडवलाच्याच बाजाराचा एक विभाग आहे आणि उत्तम हेतूची कलाही त्यातून सुटत नाही. मात्र याच न्यायाने पुस्तकेही विकली जातात, आणि म्हणून कोणत्याही समाजवाद्याने वाचन सोडलेले नाही. प्रश्न कलाकृती विकली गेली की नाही एवढाच नसून, तिने शिकवलेले पाहणे वस्तीपर्यंत पोचले की नाही हा आहे.

तो प्रश्न वसई-विरारमध्ये किती जिवावरचा आहे, हे २०२५ या एका वर्षाने दाखवले. जानेवारी-फेब्रुवारीत नालासोपारा पूर्वेतील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडल्या गेल्या. ती जमीन आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. बनावट कागदपत्रांवर घरे विकली गेली. विकणारे पैसे घेऊन मोकळे झाले आणि विकत घेणारे उघड्यावर आले. ऑगस्टमध्ये विरारमधील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. लंडनमध्ये घराची पोकळी शिल्प म्हणून उरली होती. येथे तीही उरली नाही.

सर्वांत प्रभावी चित्र

वसई-विरारमधील सर्वांत प्रभावी चित्र कोणत्याही कलादालनात टांगलेले नाही. ते आहे विकास आराखड्याचा नकाशा. त्यातील हिरव्या रंगाचा पिवळा झाला की वाडी जाते आणि इमल्याची किंमत वाढते. त्यातील एका चौकोनावर कोणते अक्षर आहे यावर हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरते. हे चित्र कुणी काढले, कुणी बदलले आणि कुणी कधी पाहिलेच नाही, यात या शहराचे सारे राजकारण आले. नालासोपाऱ्याच्या त्या ४१ इमारतींतील घर घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो नकाशा पाहिला होता?

वसईकरांनी मात्र एकदा हे चित्र वाचले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरितपट्टा बांधकामासाठी मोकळा करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा मराठी लेखक-धर्मगुरू तिच्या अग्रभागी होता; २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या आंदोलनाने केळीच्या बागा, पानवेली आणि बावखले यांना सौंदर्याचा विषय न मानता हक्काचा विषय मानले. बावखल म्हणजे नुसते तळे नव्हे. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरवणारा, खारे पाणी थोपवणारा आणि गावाने मिळून जपलेला तो अवकाश आहे. ती बुजवली गेली आणि पाणी मुरायच्या जागांवर इमले आले, म्हणजे पाणी कुठे जाते, हे जुलै २०१८ मध्ये दिवसचे दिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या वसई-नालासोपाऱ्याने अनुभवले.

हातपंपाचा ओटा

कलावंत आणि वस्ती यांची गाठ कशी पडू शकते, याचे एक उदाहरण बस्तरमध्ये आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या नवजोत अल्ताफ या १९७० च्या दशकात डाव्या युवक चळवळीत होत्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी कोंडागाव परिसरातील राजकुमार, शांतीबाई, गेस्सुराम या आदिवासी आणि स्थानिक कलावंतांबरोबर काम सुरू केले. त्यातून ‘नलपार’ उभे राहिले, म्हणजे सार्वजनिक हातपंपांभोवतीचे ओटे. पाणी भरणाऱ्या बाईला भांडे डोक्यावर घेण्यापूर्वी कुठल्या उंचीवर टेकवावे लागते, सांडलेले पाणी कुठे जावे, हे तेथील बायकांशी बोलून ठरले. आणि ओट्याच्या भिंतींवर त्यांच्या ओळखीची चिन्हे आली. ‘पिल्ला गुडी’ या मुलांसाठीच्या जागाही अशाच घडल्या. येथे कलाकृती आणि सार्वजनिक सोय यांत भेद उरला नाही, आणि सोय म्हणून सौंदर्याला रजाही दिली गेली नाही.

समाजवादी चळवळीला हे नवे नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांच्या बळावर गावोगावचे पार आणि मैदाने रंगमंच केली, तेव्हा रंगभूमीचा अवकाश नाट्यगृहातून उचलून जनतेत नेला होता. पुढे २००८ च्या सुमारास सुधीर पटवर्धन यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे आधुनिक चित्रकारांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील अनेक शहरांत नेले. मूळ चित्रे मुंबईबाहेरच्या लोकांनी पाहावीत, हा त्यामागचा साधा आणि म्हणूनच मोठा हेतू होता.

यातून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे उभी राहतात. पहिले, आराखड्यातील ग्रंथालय, सभागृह, मैदान, कलादालन यांसाठीच्या आरक्षणांचा प्रभागवार हिशेब मागावा आणि जनतेसमोर ठेवावा; ‘आधी पाणी, मग कला’ असा खोटा क्रम लावून ही आरक्षणे गिळू देऊ नयेत, कारण ती गिळणाराच पाण्याच्या आरक्षणावरही बांधकाम करीत असतो. दुसरे, या पट्ट्यात स्वस्त भाड्यामुळे राहणारे तरुण चित्रकार, छायाचित्रकार, नेपथ्यकार यांना हाताशी धरून प्रत्येक वस्तीचा नकाशा वस्तीतील माणसांकडून काढून घ्यावा: कुठले बावखल शिल्लक आहे, कुठला नाला बुजला, कुठली इमारत आरक्षित जागेवर आहे. नकाशा काढणारा समाज सहसा फसत नाही. तिसरे, शाळा, समाजमंदिरे आणि स्थानकांचे पूल येथे प्रदर्शने भरवण्याचा हक्क मागावा. जाहिरातदाराला जी भिंत मिळते, ती नागरिकाला का मिळू नये?

कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी लढा दिला, तो सवडीच्या अवकाशासाठी होता. घराचा आणि मोकळ्या जागेचा लढा हा त्याच लढ्याचा दुसरा भाग आहे. तो अवकाश कसा असतो, त्यावर कुणाची सत्ता चालते, आणि तो निराळा कसा असू शकेल, हे डोळ्यांना दाखवण्याचे काम कलावंत करीत आहेत. त्यांनी दाखवलेले पाहण्याची आणि पाहिलेले मागून घेण्याची जबाबदारी मात्र संघटित जनतेची आहे.